टाइप १ मधुमेह : साखर वाढण्याआधीच्या रक्ततपासणीची पार्श्वभूमी

मूल दोन-तीन आठवडे घटाघटा पाणी पितं, रात्री लघवीला उठतं, बघता बघता वाळतं आणि एके दिवशी धापा टाकत दवाखान्यात पोचतं. टाइप १ मधुमेह असा अचानक होतो, हीच समजूत वर्षानुवर्षं होती. १९२१ साली टोरंटोत इन्सुलिन सापडलं, मुलं जगू लागली; पण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात कशाने, हे कोडंच होतं.

१९६५ साली ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी, आजार जडल्यावर लवकरच दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. १५ जणांत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीपुंजांत लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) शिरलेल्या होत्या. म्हणजे रोगप्रतिकारशक्ती घरच्यांवरच उलटली होती. रक्तात तिचा माग लागला १९७४ मध्ये, लंडनला, बोटाझो, डोनियाक आणि सहकाऱ्यांना : या पेशीपुंजांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं, रक्त तपासून सापडल्या.

ती तपासणी मोठी किचकट होती. ओ रक्तगटाच्या दात्याच्या स्वादुपिंडाचा गोठवलेला पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर रुग्णाचं सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव), मग चमकता रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी. पेशीपुंज हिरवे उजळले की पॉझिटिव्ह. किती उजळले, हे मात्र बघणाऱ्याच्या नजरेवर! एका लॅबचा निकाल दुसरीशी जुळेना, म्हणून पुढे सामाईक एकक ठरवावं लागलं.

या अँटिबॉडी नेमक्या कशाविरुद्ध, हे एकेक करत उलगडलं : १९८३ मध्ये इन्सुलिन, १९९० मध्ये जीएडी, मग आयए-२ आणि २००७ मध्ये झिंकटी८, ही सगळी बीटा पेशींतली प्रथिनं. त्यानंतर काप आणि नजर यांची गरज उरली नाही. (बीटा पेशी मारतात त्या मुख्यतः टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार), अँटिबॉडी म्हणजे चुगली करणारा पुरावा.)

खरा धक्का त्याआधीच, १९८१ मध्ये बसला होता. मधुमेही मुलांच्या भावंडांवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटिश अभ्यासात अँटिबॉडी आजाराच्या कितीतरी वर्षं आधी दिसल्या. २०१३ मध्ये आकडा आला : दोन किंवा अधिक अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला.

तरीही सरसकट तपासणी झाली नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. आईबापांना भविष्य सांगायचं, पण हातात द्यायचं काय? धोका असलेल्या नातेवाइकांना आधीच इन्सुलिन देऊन पाहिलं. २००२ मध्ये तो प्रयोग फसल्याचं जाहीर झालं.

चित्र पालटलं ते गेल्या दहा वर्षांत. २०१५ पासून बव्हेरियात बालरोगतज्ज्ञांकडेच बोटाच्या टोकातून रक्त घेऊन तपासणी सुरू झाली. पहिल्या ९०,६३२ मुलांत २८० जणांना लक्षणांआधीचा मधुमेह निघाला. पालकांना आधीच सावध केल्यामुळे रक्तात आम्ल साठून अत्यवस्थ होण्याची वेळ फार थोड्यांवर आली. नवे रुग्ण बहुतेक अशा घरांतले, जिथे आधी कुणालाच हा आजार नसतो. म्हणून फक्त भावंडं तपासून भागत नाही.

२०१९ मध्ये टेप्लिझुमॅब या औषधाने आजार सुमारे दोन वर्षं लांबवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी इटलीने १ ते १७ वयोगटासाठी टाइप १ मधुमेह आणि सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा) आजाराच्या राष्ट्रीय तपासणीचा कायदाच केला.