पार्श्वभूमी : वस्तीतलं मेक्सिकन ग्रिल आणि सँडविचचा खटला

अमेरिकेतल्या साध्या मेक्सिकन ग्रिलमध्ये काचेमागे भात, बीन्स, निखाऱ्यावरचं किंवा तव्यावरचं मांस आणि साल्सा ओळीनं मांडलेलं असतं. गिऱ्हाईक बोट दाखवत पुढे सरकतं आणि टोकाला पैसे देतं. ही रीत मेक्सिकोपेक्षा कॅलिफोर्नियाची जास्त. गव्हाची टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळी, उत्तर मेक्सिकोची खरी, पण तिच्यात भातासकट अख्खं जेवण भरून फॉइलमध्ये गुंडाळणं, म्हणजे आजचा बुरिटो, सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात १९६०च्या दशकात रुजलं. पहिलेपणाचा मान तिथली दोन दुकानं सांगतात, एक १९६१चा, दुसरं १९६९चा. ग्रिलचा दुसरा धागा दक्षिण टेक्सासच्या गुराख्यांचा. त्यांच्या वाट्याला येणाऱ्या हलक्या प्रतीच्या मांसाचा फाहिता, म्हणजे टॉर्टियासोबत खायच्या भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या, झाला आणि १९७०च्या दशकात तो ह्यूस्टनच्या हॉटेलांत पोचला.

देशभर पसरला तो मिशनचा साचा. सॅन फ्रान्सिस्कोत काम केलेल्या एका शेफनं १९९३ साली डेन्व्हरमध्ये, विद्यापीठाजवळच्या जुन्या आइस्क्रीमच्या दुकानाच्या जागेत पहिलं दुकान टाकलं. दोनच वर्षांनी त्याच शहरात दुसरी साखळी उभी राहिली. १९९८मध्ये पहिल्या साखळीत एका बड्या बर्गर कंपनीनं पैसा घातला आणि २००६मध्ये काढून घेतला.

ही दुकानं वाढली ती समोर पार्किंग असलेल्या, भाड्याच्या गाळ्यांच्या रांगांत. त्यामुळे शेजारी कोण चालेल हे भाडेकरार आणि जमीनवापराचे नियम ठरवू लागले.

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या एका संकुलात सँडविचच्या साखळीनं करारात अट घालून घेतली होती, की ज्याच्या वर्षाच्या विक्रीत सँडविचचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त असेल अशा दुसऱ्या कुणाला गाळा द्यायचा नाही. मालकानं बुरिटोवाल्यांना जागा दिली आणि भांडण कोर्टात गेलं. नोव्हेंबर २००६मध्ये न्यायाधीशांनी शब्दकोश पाहिला, एका शेफचं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि सांगितलं, की बुरिटो, टाको (दुमडलेल्या टॉर्टियात भरलेलं सारण), केसाडिया (चीज भरून भाजलेली टॉर्टिया) यांना लोक सामान्यपणे सँडविच म्हणत नाहीत. करारात व्याख्या नव्हती, आणि अट तर सँडविचवाल्यांनीच लिहिली होती. बुरिटोवाले राहिले.

सरकारी कागदांवर मात्र वेगळंच. न्यूयॉर्क राज्याचं विक्रीकराचं मार्गदर्शन बुरिटो सँडविचमध्येच धरतं. मांसपदार्थांची लेबलं तपासणाऱ्या केंद्रीय खात्याच्या नियमावलीत तो ‘सँडविचसारखा’ आहे.

इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये या गोंधळानं एका छोट्या हॉटेलाची वाट अडवली. तिथल्या नव्या गाळ्यांबद्दल विकासकानं शेजारच्या रहिवाशांना लेखी हमी दिली होती. फास्ट फूड नाही. मागणीनुसार समोर बनवून देणारं सँडविचचं दुकान चालेल, पण ड्राइव्ह-थ्रू (गाडीत बसूनच खाणं घेण्याची खिडकी), बाहेरची बैठक आणि दारू नको. पुढे तिथं टाको-बुरिटोचं हॉटेल यायचं ठरलं, तेव्हा रहिवाशांनी हमीवर बोट ठेवलं. हमी बदलण्याचा अर्ज शहराच्या नियोजन मंडळानं फेटाळला आणि विकासक कोर्टात गेला.

मे २०२४चा निकाल अनेकांनी गंमत म्हणून वाचला, पण त्यात खोल विचार आहे. अर्ज फेटाळण्याचा मंडळाचा अधिकार न्यायाधीशांनी मान्य केला. मात्र मूळ हमीतच हॉटेल बसतं, कारण टाको आणि बुरिटो ही मेक्सिकन धाटणीची सँडविचेस आहेत आणि हमीत फक्त अमेरिकी सँडविचेसच हवीत असं कुठं लिहिलेलं नाही, असं त्यांनी म्हटलं. ग्रीक गायरो, व्हिएतनामी बान्ह मी आणि भारतीय नानचे रॅपही त्याच हमीत बसतील, हेही निकालात आहे.

माझ्या मते दोन्ही न्यायाधीश बरोबर होते. पहिल्यापुढे धंद्यातला प्रतिस्पर्धी होता. एकाच्या मक्तेदारीसाठी शब्द ताणायला त्यांनी नकार दिला. दुसऱ्यापुढे गर्दी आणि गोंगाटाला घाबरलेली वस्ती होती. ती भीती खरी, पण तिचा बंदोबस्त ड्राइव्ह-थ्रू आणि बाहेरच्या बैठकीच्या अटींनी आधीच झाला होता. पावाऐवजी टॉर्टिया वापरल्यानं गाड्या वाढत नाहीत. परक्या देशात पोळी-भाजीचा धंदा टाकू पाहणाऱ्या आपल्या माणसांनी नानच्या उल्लेखाचं ते वाक्य जपून ठेवावं.

हमीतल्या बाकीच्या अटी निकालानं उठल्या नाहीत. त्यामुळे त्या गाळ्यात टाको मिळाला तरी त्यासोबत मार्गारिटा हे दारूचं पेय मिळण्याची वाट उघडलेली नाही.