वैयक्तिक संकेतस्थळ आणि त्याचे तंत्रज्ञान : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सोलापूरच्या कार्यालयात संकेतस्थळ करून घेण्यासाठी येणारे चित्रकार, गायक, निवृत्त प्राध्यापक आणि नोकरीच्या शोधातले विद्यार्थी बहुधा आधी ‘कोणत्या तंत्रज्ञानात कराल?’ असे विचारतात. त्यावर आम्ही विचारतो, की मजकूर किती वेळा बदलणार आहे आणि तो कोण बदलणार आहे? तंत्रज्ञान या उत्तरावरूनच ठरत असल्याने पहिल्या भेटीला येताना एवढे ठरवून यावे.

परिचय, कामाचे नमुने आणि संपर्क एवढेच मांडायचे असेल आणि त्यात वर्षातून दोनचार वेळाच बदल होणार असेल, तर एचटीएमएल (पानाची रचना सांगणारी भाषा) व सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी भाषा) यांत तयार केलेली स्थिर पाने पुरेशी असतात. त्यांना डेटाबेस, म्हणजे माहितीचा वेगळा साठा, लागत नाही. सर्व्हरवरील, म्हणजे संकेतस्थळ ठेवलेल्या संगणकावरील, फाइल जशीच्या तशी वाचकाकडे जाते, म्हणून पान लवकर उघडते आणि घुसखोरीला वाव कमी राहतो. पाने वाढली, की ह्यूगो किंवा जेकिल यांसारखी साधने साध्या मजकुराच्या फाइलींतून सगळी पाने एकदम तयार करून देतात.

दर आठवड्याला स्वतः लेख लिहिणाऱ्यांना मात्र वर्डप्रेस सोयीचे पडते. २००३ पासून वापरात असलेली ही प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेली असून मजकूर मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये ठेवते. तिची थीम (पानांचे तयार रूप) आणि प्लगिन (जादा सोयी पुरवणारी जोड-साधने) वेळोवेळी अद्ययावत करावी लागतात. जुनी, दुर्लक्षित प्लगिन ही घुसखोरांची नेहमीची वाट आहे. देखभालीची तयारी नसेल तर वर्डप्रेस घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो, देखभालीचे वार्षिक करार हे आमच्याच उत्पन्नाचे साधन असले तरीही. रिॲक्ट या गुंतागुंतीच्या, परस्परसंवादी पानांसाठीच्या साधनाचा आग्रह धरणारेही भेटतात. चार पानांच्या परिचयासाठी ते वापरणे म्हणजे एका चादरीसाठी यंत्रमागाचा कारखाना उभारण्यासारखे आहे.

मराठी मजकुराकडे अधिक लक्ष द्यावे लागते. छापखान्यातून येणारा मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये असतो. पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. त्यामुळे तो मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि तो फाँट नसलेल्या मोबाइलवर वाचताही येत नाही. असा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये रूपांतरित करतो, परंतु रूपांतरात रफार व जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असल्याने ग्राहकांनी तो एकदा बारकाईने तपासून द्यावा. पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही आम्ही एचटीएमएलमध्ये करतो, कारण तिच्यावाचून काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाने उमटतात. कन्नड किंवा तेलुगू मजकूरही हवा असल्यास प्रत्येक भाषेचे पान स्वतंत्र ठेवावे.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्याही मार्फत घेतले, तरी नोंदणी ग्राहकाच्याच नावावर आणि ईमेलवर असावी. डॉट इन डोमेन एका वेळी १ ते १० वर्षांसाठी घेता येते. देवनागरी पत्ता हवा असल्यास डॉट भारत उपलब्ध आहे. एचटीटीपीएससाठी, म्हणजे वाचक व संकेतस्थळ यांच्यातील सुरक्षित जोडणीसाठी, लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते, म्हणून आम्ही त्याची वेगळी आकारणी करत नाही.

काम पूर्ण झाल्यावर सर्व फाइली, बॅकअप आणि पासवर्ड ग्राहकाच्या हाती दिले जातात. देखभालीचा करार केलेला नसेल, तर हे पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्यावेत; त्यानंतर ते आम्हालाही ठाऊक असण्याचे कारण नाही.