ऱ्होडेशिया आणि झिम्बाब्वे-ऱ्होडेशिया: नावात भर पडली, पण बदललं काय?

१९८३च्या विश्वचषकात टनब्रिज वेल्सला कपिल देवने ज्यांच्याविरुद्ध नाबाद १७५ ठोकल्या, त्या झिम्बाब्वेला स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्याआधीच्या पंधरा वर्षांत तिथे दोन राजवटी झाल्या. दोघींना जगातल्या एकाही देशाने मान्यता दिली नाही, त्यामुळे त्या सर्रास एकच समजल्या जातात.

पहिली ऱ्होडेशिया, मूळची ब्रिटिश वसाहत. बहुसंख्यांच्या हाती सत्ता जाण्याची वाट मोकळी झाल्याशिवाय स्वातंत्र्य नाही, असं ब्रिटनने बजावल्यावर इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. देशात वीस माणसांमागे एखादाच गोरा! डिसेंबर १९६६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपल्या इतिहासात पहिल्यांदाच बंधनकारक आर्थिक निर्बंध लादले ते याच देशावर. १९६८मध्ये ते सर्वंकष झाले.

तरी गाडा चालत राहिला. शेजारच्या, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मोझांबिकच्या बेइरा बंदरात तेल उतरू नये म्हणून ब्रिटिश नौदल जवळपास दहा वर्षं पहारा देत होतं आणि तेल मात्र मोझांबिकच्याच लोरेंसो मार्कीस (आजचं मापुटो) बंदरातून, दक्षिण आफ्रिकेमार्गे आत येत होतं. त्यात ब्रिटिश कंपन्यांचंही तेल होतं, हे पुढे १९७८च्या बिंगहॅम अहवालात ब्रिटननेच नोंदवलं. अमेरिकेनेही १९७१मध्ये कायद्यात पळवाट काढून इथलं क्रोम घेतलं. पाठीराख्या दक्षिण आफ्रिकेने सगळं पुरवलं, फक्त अधिकृत मान्यता दिली नाही. खरा फास आवळला तो १९७५नंतर. पोर्तुगीज गेले, मोझांबिक स्वतंत्र झाला, १९७६मध्ये त्याने सीमा बंद केली आणि गनिमी युद्ध पेटलं.

त्या कोंडीतून दुसरी राजवट जन्मली. स्मिथ यांनी मवाळ आफ्रिकी नेत्यांशी करार केला, एप्रिल १९७९मध्ये काळ्या बहुसंख्यांनी मतदान केलं आणि १ जूनला 'झिम्बाब्वे-ऱ्होडेशिया' अवतरली. पंतप्रधान झाले बिशप एबल मुझोरेवा. म्हणजे पहिलीत बहुसंख्यांना सत्तेची दारंच बंद होती, दुसरीत त्यांना खुर्ची मिळाली. किल्ल्या मात्र जुन्याच कमरेला. १०० पैकी २८ जागा गोऱ्यांना राखीव, घटनेची कळीची कलमं अडवायला तेवढ्या पुरेशा. सैन्य, पोलीस, न्यायालयं, नोकरशाही यांवरची पकड तशीच, आणि मंत्रिमंडळात खुद्द स्मिथ, बिनखात्याचे मंत्री!

गनिमी युद्ध लढणारे दोन्ही मोठे पक्ष, मुगाबेंचा झानू आणि एन्कोमोंचा झापू, या निवडणुकीबाहेर होते. सुरक्षा परिषदेने ती रद्दबातल ठरवली. डिसेंबरात लंडनला लँकेस्टर हाउसमध्ये तडजोड झाली आणि देश काही महिन्यांपुरता पुन्हा ब्रिटिश गव्हर्नरच्या ताब्यात गेला. फेब्रुवारी १९८०मध्ये सगळे पक्ष उतरले. एप्रिल १९७९मध्ये काळ्यांच्या ७२ पैकी ५१ जागा जिंकलेल्या मुझोरेवांच्या पक्षाला या वेळी ८० पैकी ३ मिळाल्या, मुगाबेंना ५७. १८ एप्रिल १९८०ला नावातलं 'ऱ्होडेशिया' गळून पडलं.