170 मिलिमीटरची रेघ: मध्यम एसयूव्हीच्या घडणीची पार्श्वभूमी

सव्वाचार ते साडेचार मीटर लांबी, पुढच्या चाकांवर चालणारी, बोनेटखाली दीड लिटरचं इंजिन आणि बसायला पाच जणांची जागा. आपल्याकडच्या बहुतेक मध्यम एसयूव्ही या साच्यातल्या आहेत. हा साचा खड्डे, घाट आणि स्पीड ब्रेकर यांनी घडवला असं कंपन्यांच्या जाहिराती सांगतात. ते खरंही आहे, पण अर्धंच. गाडी किती लांब, इंजिन किती सीसीचं आणि पोट जमिनीपासून किती वर, हे ठरवताना अभियंत्याच्या शेजारी कर सल्लागारही बसलेला होता.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. मुंबईत जोडल्या जाणाऱ्या जीपपासून 1991 ची सिएरा, 1998 ची सफारी आणि 2002 ची स्कॉर्पिओ इथपर्यंतची घराणी लॅडर फ्रेमची. म्हणजे खाली ट्रकसारखी चौकट आणि वर बसवलेली बॉडी. दणकट, पण वळणावर डुलणारी. जपानमध्ये तोवर 1994 ची आरएव्ही फोर आणि 1995 ची सीआर-व्ही यांनी मोटारीच्या मोनोकॉक, म्हणजे चौकट आणि बॉडी एकसंध असलेल्या, सांगाड्यावर उंच रूप चढवून वेगळी वाट काढली होती. ती वाट आपल्याकडे सर्वसामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात यायला दीड दशक लागलं.

खरी सुरुवात सप्टेंबर 2011 मधली. चाकणच्या कारखान्यातून निघालेली एक्सयूव्ही 500 ही महिंद्रा या ट्रॅक्टर आणि जीप बनवणाऱ्या कंपनीची पहिली मोनोकॉक एसयूव्ही होती. 4585 मिलिमीटर लांबी, 2179 सीसीचं डिझेल इंजिन, 140 बीएचपी ताकद, 330 न्यूटन मीटर टॉर्क, सात आसनं आणि जोडीला चारही चाकांना ताकद देणारा पर्याय. किंमत मात्र पावणेअकरा लाखांच्या आसपास सुरू होत होती. चित्त्यावरून घेतलेली रेखाटनं, पंज्यासारखी दाराची हँडल, मागच्या चाकावरचा फुगवटा हे सगळं जरा अतीच होतं आणि आजही ते डोळ्यांत भरतं. पण हायवेवर ती स्कॉर्पिओपेक्षा कितीतरी स्थिर धावायची. मागणी इतकी आली, की बुकिंग थांबवावं लागलं आणि पुढच्या फेरीत सोडत काढून गाड्या द्याव्या लागल्या. पाठोपाठ 2012 मध्ये आलेली डस्टर आकाराने लहान होती, पण तिचं 1461 सीसीचं डिझेल इंजिन पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

त्याचं कारण कराच्या रचनेत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात ‘लहान मोटार’ ठरली ती 4000 मिलिमीटरपर्यंतची, पेट्रोल असेल तर 1200 आणि डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतची. तिच्यावरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. 2012 मध्ये मोठ्या मोटारींचे दोन भाग पडले: 1500 सीसीपर्यंत 24 टक्के, त्यापुढे 27. इथवर ठीक होतं, कारण लांबी आणि इंजिन या दोन्ही गोष्टी निर्विवाद मोजता येतात. घोटाळा झाला तो फेब्रुवारी 2013 मध्ये. एसयूव्ही जास्त रस्ता आणि जास्त पार्किंग अडवतात, असं कारण देत त्यांच्यावरचं शुल्क 30 टक्के करण्यात आलं. मग प्रश्न उभा राहिला, एसयूव्ही म्हणायचं कशाला? उत्तर आलं: लांबी 4000 मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन 1500 सीसीपेक्षा जास्त आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, 170 मिलिमीटर किंवा अधिक.

तिसरी अट हाच या सगळ्या कहाणीतला सर्वांत कमजोर सांधा. रस्ता आणि पार्किंग अडतं ते लांबी-रुंदीने. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे याने एक इंचही रस्ता अडत नाही. उलट आपल्या रस्त्यांवर ती उंची कुटुंबाच्या उपयोगाची. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गावाकडच्या रस्त्याला लागलं, की तिचं मोल कळतं. शिवाय या मापात एसएक्स फोरसारखी 1586 सीसीची साधी सेडानही कागदोपत्री बसत होती आणि चार मीटरपेक्षा लांब, एसयूव्ही म्हणूनच विकली जाणारी डस्टर इंजिन लहान असल्याने बाहेर राहत होती.

पुढे काय झालं ते अपेक्षितच होतं. काही महिन्यांतच एक्सयूव्ही 500 चा ग्राउंड क्लिअरन्स 200 मिलिमीटरवरून 160 वर आणण्यात आला. गाडी तीच, इंजिन तेच, पण कर 30 ऐवजी 27 टक्के. त्यावर ‘पळवाट’ म्हणून बरीच टीका झाली. माझ्या मते तो दोष कंपनीपेक्षा नियमाचा. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीखालच्या सर्वांत खालच्या बिंदूचं अंतर. खाली लोंबणारा एखादा भागही तो आकडा बदलू शकतो. अशा आकड्यावर तीन टक्के टांगले, तर तो हलणारच. गंमत म्हणजे फेब्रुवारी 2014 मध्ये मंदीतून वाहन उद्योगाला सावरण्यासाठी एसयूव्ही आणि मोठ्या मोटारी दोन्ही 24 टक्क्यांवर आल्या आणि या सगळ्या खटाटोपाचा फायदा वर्षभरासाठी शून्य झाला. 2015 उजाडताच जुने दर परत आले.

अभियंत्यांच्या दृष्टीने मात्र उंचीचे 10-20 मिलिमीटरही फुकट मिळत नाहीत. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर बॉडी कलते, मग स्प्रिंग आणि हे कलणं रोखणारे अँटी-रोल बार कडक करावे लागतात आणि त्याची किंमत मागच्या सीटवर बसलेले आई-वडील कंबरेने मोजतात. उंची, आराम आणि स्थैर्य या तिघांचा मेळ घालणं हीच मध्यम एसयूव्हीची खरी कारागिरी. तिच्यात कराची चौथी अट घुसली.

डिसेंबर 2015 मध्ये आणखी एक रेघ आली, यावेळी न्यायालयातून. दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबली. पुढच्याच महिन्यात एक्सयूव्ही आणि स्कॉर्पिओ 1.99 लिटरच्या इंजिनासह हजर झाल्या. एक्सयूव्हीची ताकद तीच, 140 बीएचपी. ऑगस्ट 2016 मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क भरण्याच्या अटीवर ही नोंदणीबंदी उठली.

जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मध्यम, मोठ्या आणि एसयूव्ही अशा सगळ्यांवर 28 टक्के जीएसटी अधिक 15 टक्के उपकर असा 43 टक्के कर होता. क्षणभर वाटलं, हे प्रकरण मिटलं. दोन महिन्यांतच उपकराचे तीन मजले झाले: 1500 सीसीपर्यंत 17 टक्के, त्यावर 20 आणि एसयूव्ही असेल तर 22. नियमातली ‘एसयूव्ही या लोकप्रिय नावाने ओळखली जाणारी’ ही शब्दरचना तशीच राहिली, आणि लोकप्रियता कोण ठरवणार हा वादही. डिसेंबर 2022 मध्ये खुलासा झाला, की नाव, लांबी, इंजिन आणि उंची या चारही अटी पूर्ण झाल्या तरच 22 टक्के. मग काही गाड्या ‘आम्ही एमपीव्ही’, म्हणजे एसयूव्ही नव्हे तर बहुउपयोगी गाड्या, म्हणू लागल्या. जुलै 2023 मध्ये नावाची अट गेली, ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी’ युटिलिटी वाहनं आत आली आणि 170 मिलिमीटर हे रिकाम्या गाडीचं मोजायचं असंही ठरलं. भरलेली गाडी खाली बसते, त्यामुळे कोणत्या स्थितीत मोजलं यावर कर बदलू शकत होता. दहा वर्षांनी सुचलेली सुधारणा.

या काळातल्या इंजिनांचे आकडे पाहा. 2015 च्या पहिल्या क्रेटाला 1.4 आणि 1.6 लिटरची इंजिनं होती. 2020 च्या दुसऱ्या पिढीत दीड लिटरचं पेट्रोल 1497 सीसीचं, डिझेल 1493 चं. 2021 मध्ये चाकणहून निघालेल्या कुशाक आणि टायगुनचं मोठं इंजिन 1498 सीसीचं, टर्बोच्या जोरावर 150 पीएस ताकद देणारं. सगळे 1500 च्या उंबरठ्यावर थांबलेले. यातून एक चांगली गोष्ट घडली हे मान्य करायला हवं: लहान टर्बो पेट्रोल इंजिनांवर इथे गांभीर्याने काम झालं. पण रांजणगावची 1956 सीसीची कंपास आणि पुण्यातच बनणारी, त्याच मापाच्या डिझेलची हॅरियर यांना चढावर लाभणारा 350 न्यूटन मीटरचा सहज जोर 50 टक्के कर भरूनच मिळत होता.

22 सप्टेंबर 2025 पासून उपकर गेला. चार मीटरवरच्या गाड्यांना, इंजिन पेट्रोल-डिझेलचं असेल तर, सरसकट 40 टक्के. 1500 सीसी आणि 170 मिलिमीटर या दोन्ही रेघांना त्यांच्यापुरता अर्थ उरला नाही. आजच्या गाड्या मात्र त्या रेघांवर बेतलेल्या आहेत आणि एक इंजिन घडवायला वर्षं जातात, त्यामुळे दीड लिटरचा साचा लगेच मोडणार नाही. लांबीची रेघ तर अधिक ठळक झाली. लहान पेट्रोल गाडी 29 टक्क्यांवरून 18 वर आली, मध्यम एसयूव्ही 45 वरून 40 वर. म्हणजे चार मीटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं अंतर 16 टक्क्यांचं होतं, ते 22 झालं.