जॉन हाउलँडची बायको नक्की कोणाची मुलगी? थोडी पार्श्वभूमी

मेफ्लॉवर म्हणजे इंग्रज लोकांना अमेरिकेत वस्तीला घेऊन गेलेलं जहाज, १६२० चा तो प्रवास, पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं गेली, हे सगळ्यांना माहीत असतंच म्हणून त्यात शिरत नाही. जॉन हाउलँडचं नावही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, वादळात जहाजावरून समुद्रात पडला आणि वाचला तो हाच. मूळचा इंग्लंडमधल्या फेनस्टँटनचा, जॉन कार्व्हरच्या घरचा नोकर म्हणून निघालेला. कार्व्हर म्हणजे या लोकांनी अमेरिकेत वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर. हाउलँड कशासाठी तरी वर डेकवर आला, जहाज कललं आणि हा थेट पाण्यात. वरच्या शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता तो हाताला लागला, कित्येक वाव पाण्याखाली गेला तरी त्याने तो सोडला नाही, मग त्याच दोराने ओढून आकड्याच्या काठीने त्याला वर घेतलं. हे त्याच जहाजावर असलेल्या आणि पुढे वसाहतीचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम ब्रॅडफर्डने स्वतः लिहून ठेवलंय.

पण माझ्या मते या घराण्याच्या इतिहासात खरा गुंता दोराचा नाही, बायकोचा आहे.

हाउलँडच्या वंशजांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या असं सांगितलं जायचं की त्याची बायको एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. काही ठिकाणी मुलगी, काही ठिकाणी नात. पुस्तकांत तसंच छापलं गेलं आणि १९व्या शतकात प्लिमथच्या बरियल हिल या जुन्या दफनभूमीत वंशजांनी त्याच्या नावाचा दगड बसवला त्यावरही तेच कोरलं. नोकर मालकाच्या घरात राहिला, मालक वारला, मुलीशी लग्न झालं, गोष्ट छान जुळते आणि कुळाला गव्हर्नरचं रक्तही मिळतं. यात कोणी मुद्दाम खोटं बोललं असं मला वाटत नाही. घरात बोलून बोलून 'त्यांच्याकडे राहणारी मुलगी' ची 'त्यांची मुलगी' व्हायला दोन पिढ्या पुरतात, आणि एकदा ते दगडावर आलं की मग विचारणार कोण.

हे तपासायला लागणारा कागद तेव्हा अमेरिकेत नव्हताच. ब्रॅडफर्डच्या त्या इतिहासाचं हस्तलिखित बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमध्ये होतं, तिथून ते स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात गायब झालं ते १८५५ मध्ये सापडलं, आणि कुठे तर लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या लायब्ररीत. इंग्लंडमध्ये छापलेल्या एका जुन्या पुस्तकात त्यातले उतारे होते, ते बॉस्टनच्या अभ्यासकांच्या नजरेला पडले आणि ओळख पटली. १८५६ ला ते पहिल्यांदा पूर्ण छापलं. त्याच्या शेवटी जहाजावरून आलेल्या घरांची यादी आहे, आणि पुढे १६५० च्या सुमारास कोण जिवंत, कोणाला किती पोरं, याचा हिशोब.

ती यादी जरा बारकाईने बघा. कार्व्हरच्या घरात कोण कोण, तर तो, त्याची बायको कॅथरीन, डिझायर मिंटर, दोन नोकर म्हणजे हाउलँड आणि रॉजर वाइल्डर, विल्यम लेथम नावाचा पोरगा, एक मोलकरीण, आणि त्यांच्याकडे ठेवलेला जॅस्पर मोर हा लहान मुलगा. आठ माणसं. त्यात मुलगी नाही, नातही नाही. एलिझाबेथ सापडते दुसऱ्याच ओळीत, जॉन टिली, त्याची बायको आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ. आणि त्या १६५० च्या हिशोबात सरळच लिहिलंय की हाउलँडने जॉन टिलीच्या मुलीशी लग्न केलं, दोघं जिवंत आहेत, दहा मुलं आहेत, सगळी जिवंत, मोठ्या मुलीला चार, दुसरीला एक, असे एकूण पंधरा जण यांच्यापासून झाले. नवरा-बायको दोघांना ओळखणाऱ्या शेजाऱ्याने लिहिलेलं आहे हे, यावर अजून काय पुरावा हवा.

आणि मला यात त्या पोरीचं फार वाईट वाटतं. बेडफर्डशरमधल्या हेनलोच्या चर्चमध्ये ऑगस्ट १६०७ ला तिचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे, म्हणजे प्रवासात ती तेरा वर्षांची. त्या हिवाळ्यात आई जोन आणि वडील गेले, काका एडवर्ड आणि काकूही गेले. वसंतात कार्व्हर गेला, मागोमाग त्याची बायको. इतकं सगळं बघून जी जगली तिचे आईबाप पुढे तिच्याच वंशजांनी कागदावरून पुसले, कारण जॉन टिलीपेक्षा गव्हर्नर बरा वाटला.

लग्नानंतरचं आयुष्य त्यामानाने शांत दिसतं. १६२७ ला वसाहतीतली गुरं वाटली तेव्हा तेरा-तेरा माणसांचे बारा गट केले होते, हाउलँडच्या गटाला रॅगहॉर्न नावाची कालवड आली, आणि त्या गटात हाउलँड, एलिझाबेथ, धाकटा जॉन आणि छोटी डिझायर अशी चौघांची नावं आहेत. डिझायर हे नाव कार्व्हरकडच्या त्या डिझायर मिंटरवरून ठेवलं असं मानतात आणि पटतंही, म्हणजे त्या घराशी लळा होताच, फक्त रक्ताचं नातं नव्हतं. हाउलँड पुढे केनेबेकच्या (आजच्या मेन राज्यातल्या) व्यापारी ठाण्यावर प्रमुख होता, १६३४ मध्ये तिथे गोळीबार होऊन दोघं मेले, त्यावर लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल. तो फेब्रुवारी १६७३ ला गेला (तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं म्हणून जुन्या कागदात १६७२ दिसतं, त्यात गोंधळू नका), वय ऐंशीच्या वर असं नोंदीत आहे. एलिझाबेथ १६८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्वॉन्सीला मुलगी लिडियाकडे वारली.

१८९७ मध्ये हस्तलिखित इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला परत आलं आणि त्याच वर्षी बरियल हिलवरचा दगडही बदलला, आता त्यावर जॉन टिलीची मुलगी असं आहे. तरी जुनी घराण्यांची पुस्तकं स्कॅन होऊन ऑनलाइन आली आणि त्यातून कार्व्हरची मुलगी पुन्हा लोकांच्या फॅमिली ट्रीमध्ये शिरली, अजून दिसते. ट्री करताना कोणी कॉपी-पेस्ट करत असेल तर निदान ही एक ओळ तपासा. फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश, आणि बाकीचे असंख्य वंशज, ज्यांची ओळ हाउलँडपर्यंत पोचते त्यांचे पूर्वज त्या जहाजावर दोन नव्हे तर चार होते, हाउलँड, एलिझाबेथ, आणि त्या पहिल्या हिवाळ्यात गेलेले जॉन आणि जोन टिली.