ड्रॅगन किती फुटांवर आला की भीती वाटते?

फोंड्याला आमच्या सोप्यावर दर शनिवारी रात्री सहा जण टेबलाभोवती बसतात. वीस बाजूंचे फासे, पेन्सिली, चौकोनांचा नकाशा आणि बाहेर पोफळींवर कोसळणारा पाऊस. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली आणलेला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फाशांच्या कौलावर गोष्ट पुढे न्यायची. गेल्या जुलैत डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि ड्रॅगन खेळवणारा, मी होतो. चार महिने ज्याची वाट पाहिली तो लाल ड्रॅगन एकदाचा गुहेबाहेर आला, आणि दहा मिनिटांत माझा भाचा मोबाईल बघायला लागला. त्याचा योद्धा ‘घाबरलेला’ होता. त्याला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नियम असा. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत प्रौढ लाल ड्रॅगनपासून 120 फुटांच्या आत असलेल्यांनी विस्डमचा, म्हणजे मनाच्या खंबीरपणाचा, वीस बाजूंचा फासा टाकायचा. फाशाचा आकडा आणि पात्राचा बोनस यांची बेरीज 19 च्या खाली गेली तर एक मिनिट, म्हणजे दहा राउंड, भीती. बोनस शून्य असेल तर वाचण्याची शक्यता 10 टक्के. प्रत्येक टर्नच्या शेवटी पुन्हा संधी मिळते खरी, पण तीन टर्ननंतरही सुटका न होण्याची शक्यता 73 टक्के राहते. तोवर ड्रॅगनच्या जवळ जायचं नाही, आणि तो दिसत असेल तर वार करताना दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. वार लागण्याची 50 टक्के शक्यता 25 वर येते. धनुर्धारी लांबून बाण तरी सोडतो. विजेचा झोत फेकणाऱ्या जादूगाराला याची झळही लागत नाही, कारण तिथे फासा ड्रॅगनने टाकायचा असतो. तलवारवाला मात्र जागच्या जागी उभा. सगळ्यांत धाडसी पात्राला भीतीने सगळ्यांत निकामी करावं, हे मला पटत नाही.

खरी भीती मला कुळागरात, आमच्या पोफळींच्या बागेत, भेटली होती. दहा-अकरा वर्षांचा असेन. पाटाच्या कडेने चाललो होतो, कुकरची वाफ सुटावी तसा फूत्कार ऐकू आला आणि माझा उजवा पाय हवेतच थांबला. घोणस नंतर दिसली, सुक्या पाचोळ्यात, तीनेक हातांवर. पाय थांबला तेव्हा तो का थांबला हे मला ठाऊक नव्हतं. मागून आजोबा हलकेच म्हणाले, “हालू नको रे.” त्या क्षणी पाचोळ्याचं पान न् पान लख्ख दिसत होतं, ते आजही आठवतं.

असं गोठणं म्हणजे शरीर बंद पडणं नाही. हृदयाचे ठोके मंदावतात, स्नायू ताणून तयार राहतात, लक्ष एका जागी गोळा होतं. पुढे काय करायचं हे बरंचसं अंतरावर ठरतं. डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावरच्या चक्रव्यूहात एक आभासी शिकारी त्यांच्या मागे सोडला. तो पकडेल तेव्हा विजेचा झटका. शिकारी लांब असताना मेंदूचा कपाळामागचा, विचार करणारा भाग जास्त काम करत होता. तो जवळ येत गेला तसा भार मेंदूच्या मध्यभागातल्या एका जुन्या पट्ट्याकडे सरकला. गोठणं, पळणं, झुंजणं या हालचाली तिथून हलवल्या जातात. प्रयोगात उंदरांच्या वर लावलेल्या पडद्यावर लहान काळा ठिपका नुसता सरकत गेला तर ते बहुधा गोठतात. तोच ठिपका झपाट्याने मोठा होऊ लागला की आडोशाकडे धूम ठोकतात.

मग ड्रॅगन यायचा कसा? याचं उत्तर पुन्हा कुळागरातच होतं. पोफळीच्या खोडावर खोडाच्याच रंगाचा, वीतभर लांबीचा उडता सरडा बसलेला असतो. त्याच्या प्रजातीचं नाव खरोखरच ‘ड्रॅको’. त्याला पंख नाहीत. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेली कातडी तो छत्रीसारखी उघडतो आणि एका पोफळीवरून दुसरीवर आवाज न करता तरंगत जातो. प्राणी दुप्पट लांब केला तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट, त्यामुळे घराएवढ्या ड्रॅगनला पंख फडफडवत उडवणं अवघडच. पण उंच कड्यावरून झेप घेऊन तरंगत येणारा, जमिनीवरची सावली क्षणाक्षणाला वाढवणारा ड्रॅगन माझ्या मनाला पटतो. धडकीही त्याचीच जास्त भरते.

म्हणून मी नियम बदलला. 120 ते 60 फुटांत भीती वाटली की पात्र निम्म्याच वेगाने हलेल, पण टेहळणीचे फासे दोन टाकून मोठा आकडा धरेल. ड्रॅगनच्या छातीवरचा निखळलेला खवला त्यालाच दिसेल. 60 फुटांच्या आत दुप्पट वेगाने पळता येईल, फक्त ड्रॅगनपासून दूर. 10 फुटांच्या आत वार दुप्पट जोराचा, पण जादू नाही, डावपेच नाहीत, आणि मागे फिरणंही नाही. भीती वाटली म्हणून कुणाचीही टर्न बुडत नाही.

एक बदल अजून. मूळ नियमात एकदा भीतीतून सुटलं की 24 तास त्या ड्रॅगनची भीती नाही. पण भीती ओसरते तेव्हा मेंदू जुनी आठवण पुसत नाही. ‘इथे धोका नाही’ असा नवा धडा तो तिच्यावर ठेवतो, आणि तो धडा बराचसा त्या जागेशी बांधलेला असतो. जागा बदलली की जुनी भीती परत डोकं वर काढते. म्हणून ड्रॅगन नव्या गुहेत भेटला तर फासा नव्याने.

ऑगस्टात तोच ड्रॅगन पुन्हा आणला. मी नकाशावर पुठ्ठ्याची सावली ठेवली, दर टर्नला आधीपेक्षा मोठी. भाच्याने फासा हातात घेतला, टाकला मात्र नाही. आधी पेन्सिलीच्या टोकाने चौकोन मोजले. एका चौकोनाचे पाच फूट. ड्रॅगन अजून चौदा चौकोन लांब होता.