मिशन म्हणजे फक्त पाळकांचं काम?

“ते पाळकनं काम शे, आपलं नही.” धुळे-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) मिशनचा, म्हणजे सुवार्ता सांगण्याचा आणि सेवेचा विषय निघाला, की भक्ती संपून चपला शोधताना हे वाक्य हमखास कानी पडतं. पाळक म्हणजे पास्टर. समजुतीला कारण आहे. खान्देशात परदेशी मिशनरी आले ते बंगला, शाळा, दवाखान्यासकट. मग मिशन म्हणजे बाहेरचा पगारी माणूस, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

शास्त्र मात्र उलटं सांगतं. इफिसकरांस पत्र 4:11-12 वाचा. पाळक आणि शिक्षक दिले ते पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी सिद्ध करायला. म्हणजे सेवा करायची बाकावर बसलेल्यांनी! प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये तर मंडळीचा छळ झाल्यावर प्रेषित (येशूचे निवडलेले शिष्य) यरुशलेमेतच राहिले. पांगलेले साधे लोकच वचन सांगत फिरले. मोठा सुवार्तिक पौलही तंबू बनवून पोट भरायचा.

आणि तयारी म्हणजे बायबल कॉलेजची पदवी नव्हे. नवापूरकडच्या आजीशी मावचीत (तिच्या आदिवासी बोलीत) बोलणं, ऊसतोडीला गेलेल्या शेजाऱ्याच्या म्हातारीला दवाखान्यात नेणं, कुणी विचारलंच तर आपली आशा सांगणं. तीही सौम्यतेनं, असं 1 पेत्र 3:15 बजावतं. आमिष, दडपण यांना तिथे जागा नाही. आधी ऐकून घ्यायला शिकावं लागतं, आणि आपल्याला (मीही आलोच) नेमकं तेच जड जातं.